वारंवार बंद पडणाऱ्या राऊटरची कैफियत

मी राऊटर. किल्लारीत व्यंकटच्या घरी बैठकीच्या भिंतीवर बसलोय. या घरानं मला ‘बंदपड्या’ म्हणून हिणवलं. ऐकून घेतलं तेवढं पुरे झालं, आता माझं ऐका.

खोक्यातून लातूरला आणि तिथून जीपच्या टपावर बसून मी इथं आलो. व्यंकटच्या बायकोनं, ज्ञानेश्वरीनं, मला दोन्ही हातांनी बाहेर काढलं. तिची आई जन्मापासून बहिरी. त्यामुळं ज्ञानेश्वरी बोबडं बोलायच्या आधीच हातांची भाषा शिकलेली. तेच तिचं काम. दवाखान्यात कुणी बहिरं माणूस आलं की तिथून व्हिडिओ कॉल यायचा. डॉक्टरांचं बोलणं ती हातांनी सांगायची आणि त्या माणसाचे हात बघून तोंडानं. मधली वाट मी.

दोन वर्षं मी पापणीही मिटली नाही. मग एका दुपारी वीज कडाडली आणि माझा अ‍ॅडॉप्टर जळाला. व्यंकटनं जुन्या सेट टॉप बॉक्सचा काढून मला जोडला. पिन बसली, दिवे लागले.

“झालं काम,” तो म्हणाला.

झालं नव्हतं. मला दीड अँपिअर वीज लागते, तो जुना अ‍ॅडॉप्टर देत होता अर्धाच. घर निवांत असलं की मी कसाबसा तग धरायचो. व्हिडिओ सुरू झाला, काम वाढलं की माझा जीव जायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचो.

असाच एक कॉल उदगीरकडच्या दवाखान्यातून आला. तनुजा नावाची बहिरी बाई, पोटात गाठ. डॉक्टर ऑपरेशनचं सांगत होते. तिनं काही विचारायला हात वर केले आणि मी विझलो. परत आलो तेव्हा समोरून कुणी कॉल उचलला नाही.

 संध्याकाळी ज्ञानेश्वरीला हे कॉल देणाऱ्या संस्थेचा निरोप आला, “आणखी एकदा कॉल तुटला तर नाव यादीतून काढावं लागंल.”

सासूबाई रुक्मिणबाई म्हणाल्या, “पोरी, फेक की त्याला. नवा आण.”

दुसऱ्या दिवशी नेटवाला बसलिंगप्पा आला. तो आला तेव्हा घरात व्हिडिओ चालू नव्हता, म्हणून मी ठणठणीत. त्यानं मला उलटंपालटं करून पाहिलं. “वैनी, पीस जुना झालाय. उद्या नवा घेऊन येतो.” अ‍ॅडॉप्टरकडं ढुंकूनही पाहिलं नाही पठ्ठ्यानं!

“आधी बिघाड कळू द्या,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

रुक्मिणबाईंनी कौतुकानं विणलेलं लोकरीचं झाकण तिनं माझ्या अंगावरून काढलं. गार वाटलं, पण बंद पडायचा तो पडलोच. एक्स्टेन्शन बोर्ड काढून मला थेट भिंतीच्या प्लगात लावलं. तरी तेच. मग मी पडलो की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहू लागली. दिवसभरात पाच वेळा पडलो, पाचही वेळा घरात कुणाचा तरी व्हिडिओ सुरू होता.

“आत्या, ह्यो कामाच्या वक्ताला दमतोय,” ती सासूला म्हणाली.

रुक्मिणबाईंनी सहज अ‍ॅडॉप्टरला हात लावला आणि झटकन मागं घेतला. “अगं, तव्यावाणी तापलाय की ह्यो!”

ज्ञानेश्वरीनं मोबाईलचा कॅमेरा मोठा करून अ‍ॅडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचली, मग माझ्या पाठीवरची. “आवं, आपण ह्याला अर्ध्या भाकरीवर राबवत होतो!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्यंकट खाली मान घालून बाहेर पडला. गावातल्या शेषेरावांच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्यासारखाच राऊटर होता. त्याचा अ‍ॅडॉप्टर तो दिवसभरासाठी मागून घेऊन आला. पिन आत गेली आणि कितीतरी आठवड्यांनी माझ्या अंगात पुरती ताकद भरली.

तेवढ्यात बसलिंगप्पा नवं खोकं घेऊन दारात उभा. आणि त्याच वेळी कॉल वाजला. उदगीरकडचा दवाखाना. तनुजा.

“वैनी, दोन मिनटं थांबवा, बदलून टाकतो,” म्हणत बसलिंगप्पानं माझ्याकडं हात नेला.

“हात लावायचा न्हाई!” ज्ञानेश्वरी कडाडली. “कॉल गेला तर यादीतून नाव माझं जाईल. ह्योच चालंल.”

पडद्यावर तनुजा खाटेवर बसलेली. शेजारी सासरा. तो म्हणत होता, “ती हो म्हणतीय. द्या कागद, अंगठा घेतो तिचा.”

“त्यांना बोलू द्या, मामा,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

तनुजाचे हात भराभर हलू लागले. ज्ञानेश्वरीनं त्यांना आवाज दिला, “डॉक्टर, त्या विचारतात, गर्भपिशवी काढणार का? मला लेकरू पाहिजे. मला कुणी विचारलंच न्हाई.”

डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले. “फक्त गाठ काढायचीय. पिशवी राहील.” चित्र काढून त्यांनी सगळं समजावलं. तनुजानं पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर घेतलं. पाऊण तास चाललं ते. मी तिच्या बोटांची एक हालचाल गाळली नाही. शेवटी तिनं अंगठ्याची शाई बाजूला सारली, पेन मागितलं आणि स्वतःच्या हातानं सही केली.

बसलिंगप्पा खोकं काखेत मारून निघून गेला.

आता माझा हक्काचा अ‍ॅडॉप्टर आलाय. अंगावर धूळ आहे, एक अँटेना वाकडी आहे. असू द्या. अर्धपोटी राबवून वर नालायक ठरवणाऱ्यांपुढं मी मान खाली घालणार नाही, तुम्हीही घालू नका. बरं, कॉल वाजतोय. बाजूला व्हा, आम्हाला काम आहे.