लगेच न दिसणारे फोटो

ताईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. एका सकाळी भाऊजी धाकटीच्या स्टुडिओत आले आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. ते दुसरं लग्न करताहेत हे तिला आईकडून कळलंच होतं. पण त्या लग्नाचे फोटो तिनेच काढावेत, तेही फिल्मच्या रोलवर, हे काही तिच्या पचनी पडेना. ढीगभर डिजिटलवाले असताना मीच कशाला, असं तिने तोंडावर विचारलं.

"ते लगेच दाखवतात," भाऊजी म्हणाले. "त्या दिवशी माझा चेहरा कसा दिसतोय, ते मला त्याच दिवशी नाही बघायचं."

तिने तारीख लिहून घेतली. रोलवर लग्नं काढायचा तिचा हट्ट नेमका याचसाठी होता. फोटो लगेच दिसला की माणसं त्यात डोकावतात, केस सारखे करतात, पुन्हा हसून दाखवतात. रोलवर तसं नसतं. बटण दाबलं की क्षण गेला, माणसं आपापल्या लग्नाकडे परत वळतात.

नोंदणी कचेरीच्या अरुंद खोलीत लग्न लागलं. माणसं मोजकीच. तिने मनावर दगड ठेवून कॅमेरा डोळ्याला लावला आणि नवरीशी जेवढ्यास तेवढं बोलली. सही करता करता भाऊजींचा हात थांबला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिच्या बोटाखाली बटण दाबलं गेलं.

डार्करूममधल्या लाल उजेडात, ट्रेमधल्या कागदांवर एकेक चेहरा हळूहळू वर येत गेला. भाची, ताईची लेक, खुर्चीवर चढून नवरीच्या बाहीचं बटण लावत होती, अगदी मन लावून. फोटो काढताना धाकटीने फक्त भाचीकडे पाहिलं होतं. आता नवरीही दिसली. बाई भेदरलेली होती, पण पोर पडू नये म्हणून तिचा दुसरा हात पोरीच्या पाठीशी होता. धाकटी त्या फोटोपाशी बराच वेळ उभी राहिली.

मग सहीचा फोटो उमटला. भाऊजींचा तो चेहरा ताईच्या आजारपणातला होता. शुभकार्यात हे कशाला, म्हणून तिने तो प्रिंट बाजूला सारला.

फोटो न्यायला नवरी एकटीच आली; तिला आता वहिनी म्हणायचं होतं. एकेक फोटो सावकाश पाहून झाल्यावर तिने विचारलं, "सहीचा नाही? तेव्हा कॅमेरा वाजला होता."

धाकटीला खोटं बोलवेना. तिने प्रिंट काढून दिला. वहिनीने तो उजेडाकडे धरला.

"हाच मोठा करून द्या," ती म्हणाली.

"यात ते..."

"कुणाची आठवण काढताहेत, ते कळतंय मला. पण त्यानंतर त्यांनी सही केली. मला तेवढं पुरे."

धाकटीने निगेटिव्ह शोधली. वहिनीला ती बाहेर बाकावर बसायला सांगणार होती, पण डार्करूमचं दार धरून तशीच थांबली.

"आत या," ती म्हणाली. "अंधार आहे, जपून."