लाल रेघेपर्यंत पाणी

छकुली झोपली की माझे कान जागे होतात. ती जागी असते तेव्हा घरातले सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. झोपली की एकेक सुटा ऐकू येतो. पंख्याची घरघर. खालच्या गादीकारखान्यात रहेमतुल्ला चाचांची काठी नव्या गादीवर पडते तो धप्प आवाज. आणि आमच्या माशांच्या टाकीतलं पाणी.

या पाण्यानंच माझी झोप उडवली होती. वरच्या काचेच्या टाकीतलं पाणी एका पाइपातून खालच्या प्लॅस्टिकच्या टबात उतरायचं, तिथं गाळलं जायचं, आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. उतरताना पाण्याबरोबर हवाही पाइपात शिरायची आणि कुणी जोरात गुळणी करावी तसा आवाज यायचा. छकुली दचकून उठायची. आणि उठली की तिला शांत करायलाही तीच टाकी लागायची! तिला खांद्यावर घेऊन काचेसमोर उभं राहिलं की केशरी मासा डावीकडून उजवीकडे जायचा, तिचे डोळे त्याच्यामागे जायचे, आणि माझ्या केसांत अडकलेली तिची मूठ हळूहळू सैल व्हायची. बाळंतपणानंतर घरात मला बरं वाटायचं ते फक्त त्या काचेसमोर.

मग एकदा त्या पाइपात टाकीतलीच एक गोगलगाय अडकली. टाकी वरून वाहिली, पाणी फरशीवरून स्लॅबच्या भेगेपाशी गेलं आणि तिथून खाली. खाली चाचा लेकीच्या, नाजिशच्या, लग्नाच्या गाद्या आणि रजया शिवत होते. एका रजईचा कापूस भिजला. चाचांनी तो आमच्याच गच्चीवर वाळवला, पुन्हा पिंजला, आणि एका शब्दानं बोलले नाहीत.

बोलला तो हर्षल. माझा नवरा एसटीत वाहक आहे, लोणारच्या गाडीवर.

"चाचा काही म्हणून नाई राह्यले, त्याचीच जास्त लाज वाटून राह्यली मले," तो म्हणाला. "आता एक थेंब जरी खाली गेला ना अर्पिता, तर टाकी मलकापूरच्या दोस्ताले देऊन टाकीन. त्या पोरीच्या लग्नाचं सामान आहे ते."

"एक थेंब नाही जाणार," मी म्हटलं.

म्हटलं खरं. मग छकुलीच्या झोपेतून वेळ चोरून कामाला लागले. पाइप जोडणं मला नवीन नव्हतं. धामणगाव बढ्याला बाबांच्या संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या मीच जोडायची. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. काचवाल्याकडून टाकीला भोकं पाडून आणली. सोल्युशनचा वास बाळाला नको म्हणून पाइप गच्चीवर चिकटवले, एक कान जिन्याकडे ठेवून.

या वेळी पाइप तीन. पहिल्याला वॉल्व. तो इतकाच उघडायचा की पाइप पाण्यानं गच्च भरलेला राहील. हवाच नाही तर आवाज कुठला? दुसऱ्यातून उरलंसुरलं पाणी पाइपाच्या आतल्या अंगाला धरून गुपचूप उतरतं. तिसऱ्याचं तोंड सगळ्यांत उंच. तो कोरडा. पहिले दोन तुंबले तरच त्याचं काम.

सासूबाई, म्हणजे मंजुळाबाई, नातीला मांडीवर घेऊन बघत होत्या.

"आणि हा तिसरा काऊन वं? पानी तं जाऊन नाई राह्यलं त्यातून."

"जायलाच नको आई. गेलं तर समजायचं, काहीतरी बिघडलंय."

"म्हणजे बसून खाणारा जावईच म्हन ना."

टबाच्या अंगाला मी नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली. लाइट गेली की पंप थांबतो, आणि टाकीतलं वरवरचं पाणी खाली उतरतं. त्याला जागा हवी, म्हणून रेघेच्या वरचा टब नेहमी रिकामा. हे मी आईंना सांगितलं. त्या "हाव, हाव" म्हणाल्या. त्यांचं लक्ष छकुलीच्या वाळ्याकडे होतं.

पंप सुरू केला. पाइपांनी थोडा वेळ खळखळाट केला, मी वॉल्व जरा जरा फिरवत गेले, आणि एका जागी सगळं गप्प झालं. छकुली झोपली ती झोपलीच. मला मात्र चैन पडेना. आधी आवाज होता तेव्हा पाणी वाहतंय हे बसल्या जागी कळायचं. आता दर थोड्या वेळानं उठून बघावं लागे. छकुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, मग टाकीत डोकावायचं, मग परत श्वास.

नळ आला त्या दुपारी मी आतल्या खोलीत तिला पाजत होते. नांदुऱ्यात नळ आला की अख्खी गल्ली कामाला लागते. आमच्या घरी तर पातेलीसुद्धा भरून ठेवतात. आणि नवं पाणी आलं की जुनं शिळं होतं. पिंप रिकामं केल्याशिवाय आईंना ताजं भरवत नाही. बाहेर बादल्यांची आदळआपट ऐकत मी डोळे मिटले होते.

पंखा थांबला. लाइट गेली.

सवयीनं मी कान दिला. काहीच नाही. मग फरशीवर पाणी पडल्याचा चटचट आवाज आला.

छकुलीला तशीच छातीशी धरून मी धावले. टब काठोकाठ भरून वाहत होता. पाणी लाल रेघेच्या कितीतरी वर गेलं होतं. पहिल्या पाइपाचा वॉल्व एका हातानं आवळला. दुसऱ्या पाइपाच्या तोंडात दोरीवरचा लंगोट कोंबला. छकुलीचं दूध अर्धवट राहिलेलं, ती किंचाळत होती.

"आई! टब कोणी भरला?"

"म्या भरला." बादली हातात घेऊन आई दारात उभ्या. "पिंपातलं शिळं पानी होतं. मोरीत ओतन्यापरीस म्हटलं मुक्या जिवाले होईल. नळाच्या दिवशी भांडं रिकामं ठेवते का कोनी?"

मी छकुलीला त्यांच्या हातात दिलं आणि वाळत घातलेली सगळी दुपटी भेगेवर टाकली. दुपटी भिजली. भेगेत किती गेलं ते दिसेना. मी जिना उतरले.

चाचा रजईला टाके घालत होते. मी वर बघितलं, म्हणून त्यांनीही बघितलं. छताला ओला डाग, डागाच्या मध्ये थेंब. लोंबत होता. बरोबर खाली मरून रेशमी रजई, अर्धी शिवलेली.

"चाचा, सरकवा!"

ओढायला वेळच नव्हता. चाचा गुडघ्यांवर पुढे झाले आणि डोकं मध्ये घातलं. थेंब त्यांच्या टोपीवर पडला. मग आणखी एक. तोवर मी रजई ओढून घेतली होती.

"मासोळ्याच्या पान्यानं अंघोळ झाली आज," टोपी काढून झटकत ते म्हणाले. हसले, पण रजईवरून हात फिरवून कोरडी असल्याची खात्री केल्यावरच.

संध्याकाळी हर्षल आला. मी सगळं सांगितलं. थेंब खाली गेला होता, अट ठरलेली होती. तो उठला आणि त्यानं मोबाइल काढला.

"कोनाले फोन लावतं?" आई म्हणाल्या. "टब म्या भरला. मग मले धाड मलकापूरले."

"आई, गोष्ट चाचांच्या गाद्यांची आहे."

"तं चाचाले पूस ना बे!"

चाचा वर आले. टाकी, पाइप, टबावरची लाल रेघ, सगळं माझ्याकडून समजून घेतलं. छकुलीनं त्यांची दाढी धरली. ती सोडवत ते मला म्हणाले, "बेटा, खरं सांग. हे लाल रेघ कोनाच्या ध्यानात राहीन? उद्या मीबी भरीन. आमच्याइकडं पानी सांडू नये हे समजते लोकायले. रिकामं ठेवा, हे नाई समजत. नाजिशच्या लग्नापरेंत आता थेंब नोको. तुयाच्यानं होते का, हे पाह्य."

रात्रभर तो टब डोळ्यांपुढे होता. सकाळी छकुलीचा डोळा लागताच त्याच्या काठाच्या जरा खाली मोठं भोक पाडलं आणि त्यातून जाडा पाइप मोरीत सोडला. आता कुणी कितीही भरो, जास्तीचं पाणी मोरीतच जाणार.

"मोरीत? चांगलं पानी?" आईंनी पाइपाच्या तोंडाखाली बादली नेऊन ठेवली.

पुढच्या नळाच्या दिवशी मीच म्हटलं, "आई, ओता शिळं पाणी." त्यांनी टब भोकाच्या बोटभर खालपर्यंत भरला. छकुली पाळण्यात झोपली होती. हर्षलनं मेन स्विच बंद केला. चाचा खाली मरून रजईपाशी बसले होते. थेंब आला तर हाक मारणार, नाही आला तर गादी झोडायच्या काठीनं छताला हळूच टोचणार, असं ठरलं होतं.

टबातलं पाणी चढलं. भोकाशी आलं. मोरीत आईंची बादली भरू लागली. फरशी कोरडी. मी भेगेवर तळहात टेकून बसले होते. खालून काहीच येईना. मी हर्षलकडे बघितलं. तो मोबाइल खिशात घालत होता का काढत होता, कळेना.

मग पायाखालून काठी वाजली. ठक, ठक, ठक! चाचांना आनंद आवरला नसावा.

छकुली दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं. मी तिला उचललं आणि काचेसमोर जाऊन उभी राहिले.