सात बाहुल्यांचं एकच भरण

हस्तकलेचं टेबल दरवर्षी जिन्याखाली असायचं. प्रदर्शनाला आलेले पालक त्याच्यावर छत्र्या ठेवून पुढे जायचे. यंदा मात्र मी मुख्याध्यापक बाईंकडे गेलो आणि बराच वेळ घसा खाकरून सभागृहातलं मधलं टेबल मागितलं. एवढं धाडस मी स्वतःसाठी कधी केलं नसतं. केलं ते टाचणीच्या बाहुल्यांसाठी.

टाचणी ही माझ्या आठवीच्या वर्गातली मुलगी. अंगानं तशीच आणि बोलायलाही तशीच, म्हणून मुलींनी हे नाव ठेवलेलं. अधूनमधून ती एक कापडी बाहुली आणून माझ्या टेबलावर बसवायची. कधी दुपारची पेंगणारी म्हातारी, कधी वाट पाहून कंटाळलेली बाई. चेहऱ्यावर जेमतेम चार टाके, पण मान अशी कललेली की समोरच्यानं आपोआप हळू बोलावं. त्यात मी शिकवलेलं असलंच तर तुरपाईपुरतं. तरी छाती माझीच फुगायची. शिक्षकांच्या खोलीत मी सांगत सुटलो, "सात झाल्यात! सात!"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिनं पिशवी उलटी केली. एक बाहुली धपकन बसली. बाकीच्या सहा टेबलावर पसरल्या, वाळत घातलेल्या मोज्यांसारख्या.

"हे काय?"

"बाहुल्या, सर."

"अगं, पण आतलं भरण कुठाय?"

"हिच्यात." तिनं बसलेलीकडे बोट केलं. "एकच आहे ना. हिची पाठ उसवायची, काढायचं, दुसरीत भरायचं."

मी कपाळावर हात मारला. "आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंच नाही, सर."

भरण म्हणजे तिच्या काकांच्या शिवणाच्या दुकानातलं जाड कातरण. तिनं ते हातानं तांदळाएवढं बारीक कापलं होतं. त्यात तिची अख्खी सुट्टी गेली होती. आता एका दिवसात आणखी कुठून आणणार? मी माझ्या खुर्चीची उशी फाडून तिच्यापुढे कापूस ठेवला. तिनं तो म्हातारीत भरला. म्हातारी ताठ बसली. मान सरळ, गाल टम्म.

"ही आता पेंगत नाही," टाचणी म्हणाली. "कवायतीला आलीय."

मला हसू आलं नाही. कापूस मीच उपसून काढला.

दुसऱ्या दिवशी मधल्या टेबलावर एक बाहुली आणि सहा रिकाम्या खोळांच्या घड्या. शेजारी विज्ञानाच्या बाईंचा ज्वालामुखी धूर सोडत होता.

"काय सर, बाकीच्यांना जेवायला घातलं नाहीत का?" बाईंनी विचारलं.

पालक म्हणायचे, "अर्धवट राहिलं वाटतं." मी समजावायला तोंड उघडेपर्यंत ते ज्वालामुखीपाशी पोहोचलेले असायचे. मुख्याध्यापक बाई येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "पाहुणे येतायत. त्या घड्या उचला आणि एक तरी नीट दिसू द्या. हे टेबल तुम्ही मागून घेतलंय, सर."

मी घड्या गोळा करायला वळलो, तर टाचणीनं बसलेल्या बाहुलीची पाठ उसवायला घेतलेली.

"अगं ए! काय करतेस?"

"हिला सगळ्यांनी बघितलं, सर. म्हातारीला कुणी बघितलंच नाही."

"पाहुणे दारात आलेत!"

"तोंड धरा ना. सांडतंय."

तिच्यावर ओरडावं की कातरण सावरावं, कळेना. शेवटी मी म्हातारीची उघडी पाठ दोन बोटांनी ताणून धरली. ती मुठीमुठीनं भरत होती. तेवढ्यात पाहुणे टेबलापाशी आले. एक रिकामी खोळ, एक अर्धी भरलेली आणि कोपरापर्यंत कातरणानं माखलेला मी. "वा, छान," असं म्हणून ते ज्वालामुखीकडे वळले. मुख्याध्यापक बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून पुढच्या वर्षीचं टेबल मला कळलं.

टाचणीचं मात्र लक्ष सुईवर होतं. तिनं पाठ बंद केली, दोरा दातानं तोडला आणि म्हातारीला टेबलाच्या कडेशी बसवलं. आतलं कातरण हळूच खाली उतरलं आणि मान एका बाजूला कलली. म्हातारीला डुलकी लागली.

"अहो, आता बघा!" मी म्हणालो.

पाहुणे एव्हाना सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले होते, तिथे टाळ्या वाजत होत्या. माझा आवाज टेबलापलीकडेही गेला नसावा.

"हळू, सर," टाचणी म्हणाली.