‘रिलीज’ म्हणजे सोडायचं कोणी?

मी एक प्रिंट बोलतेय. काहीतरी चुकतंय असं मला पहिल्यांदा वाटलं ते ‘काउंटी’ या शब्दापाशी. ‘काउंटी ऑफ’, म्हणजे परदेशातला जिल्हा, आणि पुढे रिकामी रेघ. संबोधीचं पेन जरा अडखळलं, मग तिने लिहून टाकलं, परदेशीपुरा, इंदूरमधला तिचा मोहल्ला. मी दचकले. पण कागदाच्या दचकण्याकडे बघतं कोण?

माझा जन्म भंवरकुआं भागातल्या सायबर कॅफेतला. संबोधी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिचे वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली, दोन वर्षांनी तेही गेले. आता मिलच्या चाळीतल्या खोल्या राहणाऱ्यांच्या नावावर होणार होत्या. मिल ऑफिसातल्या बाबूने तिच्या आईला, कांताबाईंना सांगितलं, "शनिवार तक कागज ले आओ, खोली रिलीज हो जाएगी." संबोधीने तोच शब्द एका साइटवर टाकला आणि मी निघाले, ‘रिलीज डीड’. परदेशातला नमुना, दिल्लीच्या साइटने उचललेला. अर्ज आईचा, म्हणून पहिल्या रेघेवर आईचं नाव, दुसरीवर मिलचं.

साइटने काही विचारलं नाही. कोर्टाबाहेर बसणारा अर्जनवीससुद्धा आधी विचारतो, मामला क्या है. माझ्यात रकाने आहेत, कान नाहीत.

घरी कांताबाईंनी चष्मा लावला, पण पेन घेतलं नाही. त्यांचे वडील महूला फौजेत होते. वाचल्याशिवाय सही नाही, ही त्यांची शिकवण.

"वाच. मराठीत वाच."

संबोधी वाचू लागली. "मी, कांताबाई, या खोलीवरचा माझा सगळा हक्क मिलच्या नावे कायमचा सोडते..." तीच ओळ तिने परत बोट ठेवून तपासली.

"रिलीज म्हणजे सोडणं ना गं?" कांताबाई म्हणाल्या. "मग सोडायचं कोणी? मिलने की मी?"

संबोधीने मला तळापर्यंत चाळलं. माझ्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, हा कायदेशीर सल्ला नाही, परिणामांना आम्ही जबाबदार नाही. ते तिने आत्ता वाचलं. रडली मात्र नाही. माझी घडी घालून तडक पीसीओवर गेली.

साइटचा मदतीचा नंबर नुसता वाजत राहिला. मग तिने जुनी इंदूर भागातल्या कस्तुरी वकिलांचा लावला, आईने दिलेला. चार वेळा.

"दीदी, कोई नहीं उठा रहा. कल आना," पीसीओवाला म्हणाला.

"उद्या शनिवार आहे भिया. इथेच उभी राहते."

मला खुशाल फाडा. पण माझ्यासारख्या कितीतरी अजून त्या साइटवर तयार आहेत, फक्त नाव भरायची वाट बघत. सहीआधी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, एवढंच मागते.

तिने पाचव्यांदा नंबर फिरवला. घंटी मध्येच थांबली.

"हॅलो, कस्तुरी बोलतेय."

"ताई," संबोधीने मला घट्ट धरलं, "सही अजून केलेली नाही."