माझ्या कपाळावरचं भस्म

मी महांतेशच्या कॅमेऱ्याचा फिल्टर बोलतोय. भिंगापुढे फिरवून बसवतात ना, ती गोल काच! धूळ, पाण्याचे थेंब, लेकरांची चिकट बोटं, सगळं आधी माझ्या अंगावर. कौतुक मात्र मागे बसलेल्या भिंगाचं.

बाजारात परदेशी माल सहज मिळू लागला, त्या दिवसांत मी सिरसाळ्याच्या या स्टुडिओत आलो. चार वर्षं सुखात गेली. मग शहाण्णव सालची खंडेनवमी उजाडली. महांतेशची आई शिवम्मा हिने कॅमेऱ्याची पूजा मांडली. घरातल्या माणसांसारखं हत्यारांनाही भस्म लावायचं, हा तिचा शिरस्ता.

"कॅमेऱ्याचं कपाळ कुठं असतंय रं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता, दिव्याच्या तेलाने माखलेल्या बोटांनी माझ्यावरच तीन पट्टे ओढले. महांतेशने घाईघाईने मला रुमालाने पुसलं. मी चकचकीत दिसलो, आणि तिथेच घात झाला.

पुढचा रोल बीडहून धुऊन आला तो सगळा धुरकट. ते फोटो गावातल्या सर्जेरावांनी पाहिले. त्यांच्या लेकीचं, मायाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच होतं.

"माझ्या लेकीच्या लग्नात असले भुताचे फोटो न्हाई चालायचे. सोमवारपर्यंत चांगला फोटो दाव, न्हाईतर परळीचा फोटोवाला सांगतो," ते म्हणाले.

गावात एकदा नाव गेलं की कोण बोलावतं? महांतेशच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने रोल बदलला, फ्लॅशचे सेल बदलले, वायर बदलली. भिंगाला बुरशी आली, असंही कुणी सांगून गेलं. मला सगळं ठाऊक होतं, पण काचेला तोंड कुठे असतं!

शेवटी शिवम्माच म्हणाली, "सैपाक बिघडला तर मी एकेक भांडं चाखून बघती. तूबी एकेक वस्तू काढून बघ की."

समोरून उजेड आला की खोट पटकन दिसते, म्हणून महांतेशने तिलाच दारात उजेडाकडे पाठ करून बसवलं, हातात पाटी दिली. पाटीवर 'एक' लिहिलं, तेव्हा सगळं होतं तसंच. 'दोन'ला फ्लॅश दुसरा. 'तीन'ला मला काढून ठेवलं. फोटो धुऊन आले. एक धुरकट, दोन धुरकट, आणि तीनमध्ये शिवम्माच्या कपाळावरचे तिन्ही पट्टे लख्ख!

"ह्योच चोर!" महांतेश मला भिरकावणार, तोच शिवम्माने मला हिसकावून घेतलं. चष्म्यावर सोडतात तशी तोंडाची वाफ माझ्यावर सोडली. काचेवर तीन पट्टे उमटले. तिने त्यांवर आपली तीन बोटं ठेवून पाहिली. बरोब्बर बसली.

"अगं माय! ही तर माझीच बोटं हायत!"

मग हसता हसता तिनेच मला साबणाच्या कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने टिपलं. सोमवारी सर्जेरावांपुढे नवा फोटो गेला. "लई भारी!" म्हणत त्यांनी तिथेच लग्नाचं काम पक्कं केलं.

मायाच्या लग्नात मी भिंगापुढे ताठ मानेने बसलो होतो. फोटोत हवेतल्या अक्षतांचा दाणा न् दाणा दिसत होता. सर्जेरावांनी तो अल्बम दिंद्रुडच्या व्याह्यांना तीनदा दाखवला. मला इतका आनंद झाला, की तडा जायचा तेवढा बाकी राहिला.

आता माझ्या कडेचा टवका उडालाय, पण नजर साफ आहे. बाबांनो, फोटो बिघडला तर कॅमेऱ्याला शिव्या देण्याआधी माझ्यावर एकदा वाफ सोडून बघा. शिवम्मा हल्ली खंडेनवमीला भस्म कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लावते. मग माझ्याकडे बघून हात जोडते आणि म्हणते, "तुला बाबा लांबूनच!"