आधी उतरणाऱ्या गाडीला

हायवेवरून रॅम्पने खाली येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, सर्व्हिस रोडवरच्याने थांबायचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी हे एकोणीस वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं, की शिकाऊ मंडळी त्यांची नक्कल करायची : "तो वेगात आहे, तुम्ही नाही. तेव्हा गुमान उभे राहा!" बायकोही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. एका मंगळवारी सकाळी सर्व्हिस रोडवरून येताना तिथेच ती थांबली नाही. रॅम्पवरून दुधाचा टँकर उतरत होता. ती जागीच गेली.

दोन आठवड्यांनी मास्तरांना जबाबाला बोलावलं. हवालदार भला माणूस. स्वतः खुर्ची पुसून दिली.

"मास्तर, तिथला बोर्ड फांद्यांआड गेलाय असं लिहू का? वहिनींवर ठपका यायला नको."

मास्तरांना ना रडू येत होतं, ना राग. कानात दडे बसावेत तसं सगळं लांबून ऐकू येत होतं.

"बोर्ड दिसतो," ते म्हणाले. "मी रोज दाखवतो लोकांना. चूक तिचीच."

बाहेर बाकावर टँकरवाला बसला होता. त्यांना बघून धडपडत उठला. "ब्रेक मारला हो मी."

"मारलात. रस्त्यावर खुणा आहेत. घरी जा."

लेकीने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, एकदा तरी आईची बाजू घ्यायची होती." एवढंच बोलली आणि अबोला धरला. ताट मात्र झाकून ठेवायची. मास्तर जेवायचे, पण काय जेवलो, ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शनिवारी त्यांनी शिकवणी पुन्हा सुरू केली. गाडी शिकायला आलेल्या शिंपीणबाई रॅम्पपाशी शिस्तीत थांबल्या. वर चिटपाखरू नव्हतं.

"जाऊ का, मास्तर?"

"जा."

गाडी हलेना. मागचे हॉर्न वाजवायला लागले. बाईंनी खाली वाकून पाहिलं.

"मास्तर, तुमचा पाय."

त्यांच्या बाजूच्या जादा ब्रेकवर त्यांनी पाय गच्च दाबून धरला होता. काढायला गेले, तर निघेना. शेवटी बाईंनी उतरून मागच्यांना बाजूने जायला सांगितलं आणि त्यांच्या लेकीला फोन लावला.

लेक रिक्षाने आली. दार उघडून खाली बसली आणि दोन्ही हातांनी तो पाय उचलून बाजूला ठेवला.

"चला बाबा," ती म्हणाली.