डावीकडचं

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच सीडी काढली आणि तिच्यावर मी कुठेच नाही. आणि नेमक्या त्याच गोष्टीचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला. आहे की नाही गंमत?

सांगते. हे, म्हणजे हामुरो ईसाकु, पियानो वाजवायचे. योकोहामात नोगेच्या उतारावर, जिना चढून वर आलं की आमचं कॉफीचं दुकान आहे. इथे बोलायला बंदी. भिंतीएवढे स्पीकर आहेत, ते ऐकायचे, कॉफी प्यायची आणि गुमान चालतं व्हायचं. ज्याला गप्पा हाणायच्या आहेत त्याने खाली काडीवर कोंबडी भाजणाऱ्या याकितोरीवाल्याकडे जावं. हे वारले, तरी मी तो नियम मोडू दिला नाही. पुढाऱ्यासारखा दिसणारा एक गृहस्थ एकदा फोनवर बोलायला लागला, तर त्याचा अर्धा कप उचलून आत नेला होता मी.

सीडी नव्या नव्या निघाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. सुवाच्या डोंगरात एका गावचं जुनं लाकडी सभागृह होतं, तिथे ऐन थंडीत ह्यांची सीडी ध्वनिमुद्रित व्हायची ठरली. नुसता पियानो, दुसरं वाद्य नाही. मला जायचं होतं. त्यासाठी मी निळा कोट शिवून घेतला होता. निघायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "तोकिए, तू येऊ नकोस."

"का हो? मी काय तिथे येऊन भांडी आपटणार आहे?"

"सभागृहात दुसरं कुणी नुसता श्वास घेत असलं तरी मला कळतं. बोटं बिघडतात माझी. मुद्रण करणारा सेरिझावासुद्धा यंत्र घेऊन पलीकडच्या खोलीत बसणार. आत मी एकटा."

मी राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण कलावंताची बायको आहोत, एवढं तर करायलाच हवं, असं मनाला समजावलं. तो कोट तसाच कपाटात लटकत राहिला.

मग एके दिवशी ह्यांनी दोन्ही हातांनी ती सीडी माझ्यापुढे धरली. डबीच्या कडेला 'पहिली खेप' छापलेली कागदी पट्टी, नवीकोरी. "दुकानांत यायच्या आधी तुला," म्हणाले. त्यातली तिसरी धून संथ आहे. मध्यावर हे हात उचलतात. शेवटचा सूर विरत जातो आणि मग काही म्हणजे काही नाही. इतकी शांतता की गिऱ्हाईक कप खाली ठेवायला घाबरतं. आणि मग तीच ओळ पुन्हा, आणखी हळू. लोक लांबलांबून ती जागा ऐकायला यायचे. पैसे देताना कुणी विषय काढला की मी म्हणायची, "ती शांतता आहे ना, ती माझी बरं का. मी गेले नाही म्हणून ती आहे." ती जागा जवळ आली की मी कॉफी दळायचा ग्राइंडर बंद करायची, नळ बंद करायची आणि स्वतःचा श्वाससुद्धा धरून ठेवायची. हे गेल्यावर तर ती जागाच माझा नवरा होती.

आता ह्यांच्या मित्रांबद्दल. मंगळवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी दुपारी ही म्हातारी मंडळी माझ्याकडे जमतात आणि सीडी ताडून बघतात. धून तीच, वाजवणारा तोच, पण एक सीडी जर्मनीत छापलेली, एक इथली, एक पहिल्या खेपेची, एक नंतरची. मग यांचं सुरू. "ह्याच्यात झांजेला धार आहे." "छे, कान टोचतात. त्याच्यात बघा कशी गोलाई आहे." बायकोने दोनदा हाक मारली तर या मेल्यांना ऐकू येत नाही, पण झांजेची झणझण कुठे संपते ते बरोबर ऐकू येतं! त्यांतले पुढारी म्हणजे सेरिझावा, ह्यांची सीडी ज्यांनी मुद्रित केली तेच. दुसरे कुरोइवा, दातांचे डॉक्टर. जन्मभर लोकांच्या जबड्यात यंत्र फिरवलं आणि आता म्हणे कान तयार झालेत.

एक गोष्ट मात्र मला त्यांची फार आवडायची. ह्यांची सीडी त्यांनी इथे कधी चढाओढीत लावली नाही. "हामुरोची सीडी तुलनेला घ्यायची नाही, वहिनींच्या समोर तर नाहीच," असं सेरिझावांनी ठरवून टाकलं होतं. मला किती भरून यायचं! मंगळवारी मी बिस्किटंही जास्त ठेवायची.

सेरिझावांच्या घरी मात्र ती लागायची. तिथे कुणी नवा स्पीकर नाहीतर नवी वायर नेली की पुढच्या मंगळवारी इथे चर्चा व्हायची. "काय, डावीकडचं आलं का?" "आलं. अगदी स्वच्छ." "माझ्याकडे जरा अस्पष्ट येतं हो." मी एकदा विचारलं, डावीकडचं म्हणजे काय? सेरिझावांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि म्हणाले, "पेडल. हामुरोच्या पियानोचं पेडल करकरतं तिथे." मी ते खरं धरलं. अहो, खरं धरलं म्हणजे काय, चार गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

तर गेल्या मंगळवारी कुरोइवा एका नव्या माणसाला घेऊन आले. मुराकोशी नाव, नुकताच ओसाकाहून इकडे राहायला आलेला, मोठ्या आवाजाचा, मनाचा साधा. आल्या आल्या त्याने पिशवीतून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली.

"बघा तर खरं काय आणलंय! तुमच्या हामुरो-सानची, पहिली खेप! कोबेला एक दुकान बंद होत होतं, तिथे धुळीत पडली होती. म्हटलं, हिच्या माहेरीच नेऊन वाजवावी."

मी खूश झाले. बाकीच्यांकडे पाहिलं, तर कुरोइवा कपात बघत होते आणि सेरिझावा उठून उभे राहिले होते.

"आज नको," सेरिझावा म्हणाले. "अ‍ॅम्प्लिफायर नीट तापलेला नाही."

"सकाळपासून चालू आहे तो," मी म्हटलं. "अंडं तळता येईल त्याच्यावर."

"मग आज हवा दमट आहे. पुढच्या वेळी लावू."

"दमट? योकोहामात ती तशी कधी नसते?"

मुराकोशी हसला. "अहो, तुमच्याकडेही घरची प्रत असेल ना? आणा की. जोडीने लावू. मालकिणीची प्रत म्हणजे पहिल्यातली पहिली."

मी ह्यांच्या फोटोखालच्या फळीवरून माझी सीडी काढून आणली. त्याने ती अदबीने कडेला धरली, खिडकीशी नेली, उजेडात तिरकी केली आणि मधल्या भोकाभोवती कोरलेली बारीक अक्षरं वाचली. मग म्हणाला, "ही दुसऱ्या खेपेची आहे."

"तोंड सांभाळून बोला. दुकानांत यायच्या आधी ह्यांनी माझ्या हातात दिली आहे ती."

"पट्टी पहिलीची आहे, खरं आहे. पण सीडी दुसरी. हा बघा शेवटचा आकडा, आणि हा माझ्या सीडीवरचा. पहिली खेप थोडी होती, बहुतेक सगळी आमच्या ओसाका-कोबेकडे गेली होती."

मला त्या क्षणी फक्त मुराकोशीचा राग आला होता, शपथेवर सांगते. बाकी कसला संशयसुद्धा नव्हता. म्हटलं, चांगला खोटा पाडते याला.

"लावा," मी म्हटलं. "दोन्ही लावा. तिसरी धून."

"वहिनी, राहू द्या ना," सेरिझावा म्हणाले.

"तुम्ही बसा."

आधी माझी लावली. हात उचलले, सूर विरला. सवयीने मी श्वास धरला.

"हे ऐकलंत?" मुराकोशी म्हणाला. "सुरांच्या मागे इतका वेळ ती गार लाकडी खोली ऐकू येत होती. इथे ती एकदम जाते. आणि ओळ सुरू झाली की परत येते. इथलं काहीतरी कापून टाकलंय."

"शांतता आहे ती."

"नाही हो. माणूस गप्प बसला तरी खोली असतेच की. हे भोक आहे."

मग त्याने स्वतःची लावली आणि उत्साहाने माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "आता डाव्या स्पीकरकडे कान द्या. ते हसू येईल."

"मुराकोशी-सान!" सेरिझावा ओरडले. माझ्या दुकानात कुणी ओरडलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सूर विरला. खोली गेली नाही. बाहेरचा वारा होता, कुठेतरी लाकूड तडकलं. आणि बाई हसली. मोठ्याने नाही. तोंडावर हात ठेवून दाबलेलं हसू, पियानोच्या अगदी जवळून. स्टूल करकरलं. आणि मग ह्यांनी ती ओळ पुन्हा वाजवली, कुणी लाडाने 'परत' म्हटल्यावर वाजवावी तशी.

"आहाहा! काय स्वच्छ आलं!" मुराकोशी म्हणाला. "आमच्याकडे म्हणतात, हामुरोचं हसू ऐकू आलं तर यंत्र ठेवा, नाही आलं तर भंगारात द्या. मला नेहमी वाटायचं, काय गोड जोडपं असेल. तुम्हीच ना हो त्या?"

"मी इथे होते," मी म्हटलं. "कप विसळत होते."

बिचाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याची चूक काय? त्या खोलीत ज्याने मला फसवलं नव्हतं असा तोच एक होता.

मी सेरिझावांकडे वळले. "पेडल काय?"

"वहिनी, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"त्रास नको म्हणून, की तुमच्या वायरी तपासायला बरं पडतं म्हणून? डावीकडचं आलं का, डावीकडचं आलं का! माझ्या समोर बसून, माझ्या हातची कॉफी पीत!"

"ऐकून तर घ्या. हामुरोच्या लक्षात आलं तेव्हा पहिली खेप निघून गेली होती. तो म्हणाला, पुढच्या खेपेत काढून टाक. मी काढलं."

"आणि माझी सीडी?"

त्यांनी चष्मा काढला. रुमाल शोधायला लागले.

"चष्मा राहू द्या. माझी सीडी?"

"दुसरी खेप येईपर्यंत तो थांबला. पट्टी पहिलीची लावायला सांगितली. म्हणाला, तोकिएला पहिलीच मिळाली असं वाटलं पाहिजे." मग खाली बघून म्हणाले, "पट्टी मी लावली."

म्हणजे दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली होती, ती ही. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, आणि ह्यांनी ते पुसलं होतं!

"ती बाई..." सेरिझावांनी सुरुवात केली.

"नाव घ्याल तर किटली डोक्यात घालीन."

मला नाव नको होतं. नाव घेऊन मी काय करू? हसली, त्याचंही एक वेळ मी सोडून दिलं असतं. माणसं घसरतात, आणि हे काही संत नव्हते. पण मला श्वासाचं कारण दिलं होतं हो! दुसऱ्या कुणी श्वास घेतला तर बोटं बिघडतात म्हणे. त्या बाईला काय श्वास नव्हता? ती तिथे बसून चांगली खिदळली आणि ह्यांची बोटं आणखी छान चालली. आणि मी इकडे, ती जागा आली की, इतकी वर्षं, श्वास धरून उभी! कशासाठी? सेरिझावांनी कात्रीने कापलेल्या भोकासाठी.

कुरोइवा हळूच म्हणाले, "तुम्ही ती शांतता माझी म्हणायचात, तेव्हा तुम्ही इतक्या सुखी दिसायचात. कुणाचं धाडस व्हावं?"

"माना डोलवायचं बरं धाडस व्हायचं तुमचं. आणि मग घरी जाऊन तेच हसू लावायचात."

सेरिझावांनी कोट उचलला.

"कुठे निघालात? बसा," मी म्हटलं. "मुराकोशी-सान, परत लावा. तीच."

"मालकीणबाई, खरंच नको. माझंच चुकलं."

"तुमचं काही चुकलं नाही. लावा."

त्याने लावली. तिघेही बसले, मान खाली घालून. मी काउंटरमागे गेले. डब्यातले दाणे ग्राइंडरमध्ये ओतले. वर फोटोत हे हसत होते, पुढे सकाळी ठेवलेला कॉफीचा कप तसाच होता. धून जशी होती तशीच होती, सुंदर. त्याचंच जास्त रडू येत होतं.

ह्यांनी हात उचलले. सूर विरायला लागला. खोली तशीच राहिली, वारा, लाकूड. माझा श्वास आपोआप अडकला, तो मी मुद्दाम सोडला, आणि ती हसायच्या आत ग्राइंडरचं बटण दाबलं.

सगळं दुकान हादरलं. सेरिझावा उठून हात हलवत काहीतरी सांगत होते, ते मला ऐकू आलं नाही. ती हसली असेल, ह्यांनी तिच्यासाठी ओळ परत वाजवलीही असेल. दाणे केव्हाच संपले होते, पाती रिकामी फिरत होती, तरी मी बटण सोडलं नाही.